व्हेनम आणि पॉयझन

आठवीला इंग्रजी शिकवताना मी काटेकोर म्हणून बदनाम होतो. जवळजवळच्या अर्थाचे शब्द पोरं एकाच टोपल्यात टाकायची आणि माझं डोकं फिरायचं. साप चावल्यावर अंगात भिनतं ते व्हेनम. बाटलीतलं पोटात गेलं किंवा कातडीतून आत शिरलं तर ते पॉयझन. मराठीत दोन्ही विषच, पण पेपरात एकाच्या जागी दुसरं दिसलं की मी सरळ काट मारायचो. मोताळ्याच्या बाजारात शेतकरी मला कपाशीच्या बियाण्याचं पाकीट वाचायला द्यायचे, तिथंही माझा तोच स्वभाव. रेझिस्टंट म्हणजे अळीशी झुंजणारं, इम्यून म्हणजे ज्याला अळी शिवतच नाही, आणि पाकिटावर पहिला शब्द आहे, असं मी बजावायचो. दुकानदारानं मात्र सगळ्यांना दुसराच अर्थ विकला होता. माझा थोरला भाऊ तर हसून म्हणाला, "तुह्या शब्दानं अळी मरते काय बे?"

पहिली काही वर्षं अळी फिरकली नाही आणि दादाचंच खरं ठरलं. मग गुलाबी अळी बोंडात घुसून बसली आणि फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर आले. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच अंगावर झेलायचा, अशी ती फवारणी. वारा तर नावालाही नव्हता.

दुपारी शाळेत चुलतभावाचा फोन आला. "दादाले पान लागलं. मारुतीच्या देवळात आनलं."

साप चावला असं आमच्याकडे कुणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलेल्याला आधी देवळात नेतात. तिथं कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर घाबरायचं कारण नाही, कडू लागला नाही तर पान खरं.

मी मोटारसायकल दामटत गावात पोचलो तेव्हा दादा देवळाच्या ओट्यावर पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, तिच्यासोबत चघळलेला पाला. भोवतीचे लोक त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, कडू लागते काय? ज्याला श्वास घेता येत नाही तो चव काय सांगणार! तो बोलला नाही, म्हणून पान खरं ठरलं. पावसाळ्याचे दिवस, गवत माजलेलं आणि माणूस कपाशीत पडलेला. दुसरं काही कुणाच्या मनातच आलं नाही. पोटरीवर काट्याचा ओरखडा होता, तो सापाचा दात झाला. फवारणीच्या दवाईनं भिजलेला शर्ट अंगावर तसाच होता आणि त्याचा उग्र वास पायरीपर्यंत येत होता.

"पान नाही लागलं त्याले, दवाई चढली!" मी ओरडलो. "शर्ट काढा आधी!"

मंत्र म्हणणारा म्हातारा वर बघून म्हणाला, "मास्तर, देवळात जोडे घालून काऊन घुसले?"

त्या माणसाचा मला आजही राग येतो. त्याच्या मनात वाईट नव्हतं हे कळतं, तरीही येतो.

जीप मिळवून दादाला राजूरचा घाट चढवत बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. "काय फवारलं होतं?" त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. "फार उशिरा आणलंत," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा गेला.

मी पेटलो होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो की माझा भाऊ सापानं नाही, दवाईनं मेला आणि देवळात वेळ घालवला नसता तर वाचला असता. लोक मान खाली घालून चहा प्यायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला गोठ्यात बोलावलं. दादा गेल्यापासून ती माझ्याशी बोललीच नव्हती.

"भाऊजी, लोकांले सांगनं बंद करा."

"काऊन? खोटं हाये काय ते?"

ती कडब्याच्या पेंडीवर बसली. हात पदरात गुंडाळलेले. "दवाई मी कालवत होती. दरखेपेले मीच कालवाची. त्या दिवशी ते म्हने, एकच बाटली टाक. मले अळी लय दिसली वावरात. म्या घरातल्या तिन्ही बाटल्या ओतल्या ड्रममंदी. त्यायले सांगतलंच नाही."

मला बसायला जागा सापडेना.

"डॉक्टरनं इचारलं तवा मी तिथंच होती," ती म्हणाली. "तोंडच उघडलं नाही माह्यं."

मग तिनं मान वर केली आणि लहान मुलीसारखं विचारलं, "त्यायले पानच लागलं होतं ना, भाऊजी?"

"हाव वहिनी," मी म्हणालो. "पानच लागलं होतं."