ग्रहणातली काकडी

आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं होतं. धारवाडात याचं कुणाला नवल नव्हतं. म्हणजे अप्पांची आई ही आईची सासूही आणि आजीही. गडबडली की आई अप्पांना अजून "मामा" म्हणूनच हाक मारायची, आणि मी हसून घ्यायचे. ते दिवस आठवले की आधी तीच हाक कानात येते.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. तो पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि आईने काकडी चिरली होती. त्यानेच पोराचे कान गेले, असं अप्पांच्या आईने, म्हणजे आजीने, ठरवून टाकलं. आजी गेली, पण तो बोल राहिला. आईने काकडीच सोडली. अप्पा तिच्या बाजूने कधी चकार शब्द बोलले नाहीत, याचा मला फार राग होता. भाऊ मात्र मजेत. आमच्या मळमड्डी भागातल्या एकेका मास्तरांच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचा.

दोन हजार सालानंतर मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होते. जन्मजात बहिरेपणामागचं एक जनुक काही वर्षांपूर्वीच सापडलं होतं. ते वर्गात शिकले आणि घरी हट्टच धरला. हुबळीच्या डॉक्टरांनी आमचं रक्त बेंगळुरूला तपासायला पाठवलं.

"या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून," निकाल सांगताना डॉक्टर आई-अप्पांना म्हणाले. "एक बिघडली तरी ऐकू येतं. तुम्हा दोघांकडे तोच बिघाड एकेका प्रतीत आहे. मुलाकडे नेमक्या त्याच दोन्ही आल्या."

"म्हणजे काकडीनं नव्हे?" आईने विचारलं.

"काकडी?" डॉक्टरांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "नव्हे गं. अर्धं माझ्याकडनं गेलंय." आणि तिथेच रडू लागले.

"मामा, उगी की," आई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी तणतणले, "मामा-भाचीत एकच बिघाड, म्हणजे तो आजीकडून नाहीतर आजोबांकडूनच आला. आणि बोल तुला!"

"बिचारी आजी," आई म्हणाली. "आपल्याकडनं आलंय असं तिला कळलं असतं तर तिनं काय काय खायचं सोडलं असतं की."

धारवाडला उतरल्यावर अप्पांनी काकड्या घेतल्या. घरी विळीवर स्वतः बसले. ओबडधोबड चिरल्या, मीठही जास्तच पडलं. आईने ती कोशिंबीर पुन्हा वाढून घेतली.