खाली नाव नसलेलं पत्रक

हे आजवर मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आमच्या घरी चळवळीची पत्रकं निघायची. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच. बाबांचा एक नियम होता — खाली नाव हवं. नाव नसेल तर ती नुसती निनावी चिठ्ठी. जर्मनीत आले तर इथेही तेच. साध्या कागदाच्या तळाशीही इम्प्रेसुम, म्हणजे जबाबदार माणसाचं नाव-पत्ता. केवढी खूश झाले होते मी.

दोन हजार पाच साल. मी कार्ल्सरूहेत शिकत होते. पुण्याचे मकरंददादा तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दर रविवारी वहिनी जेवायला बोलवायच्या आणि त्यांच्या वरणभातावर मी क्रांती करायची. कॅलिफोर्नियातल्या लांबकेशी, युद्ध नाकारणाऱ्या पोरांनी कॉम्प्युटर लष्कराच्या, बड्या कंपन्यांच्या हातून काढून घराघरात आणला, सर्किटांचे नकाशे फुकट वाटले — वगैरे. एकदा दादा म्हणाले, "अगं पत्रकबाई, त्यातल्याच काहींनी पुढे कंपन्या काढून शेअर विकले. तू कधी काढतेस?"

वहिनीही हसल्या. खोटं असतं तर एवढं झोंबलं असतं का?

दादांनी आमच्या कॉम्प्युटर क्लबला एक प्रोग्राम फुकट दिला होता. त्यात त्यांच्या कंपनीचा थोडा कोड होता, न विचारता घेतलेला. हे आम्हा सहाजणांनाच माहीत होतं — विश्वासाने सांगितलेलं.

मी पत्रक लिहिलं. जर्मनमध्ये. शिवी एकही नाही, सगळी स्तुती — 'मालकाच्या कुलपातून ज्ञान सोडवणारा शूर माणूस', दादांच्या पूर्ण नावानिशी. चाळीस प्रती त्यांच्या कंपनीबाहेरच्या सायकलींना अडकवल्या.

तळाशी नाव? — नाही घातलं.

दादांची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरच होता, तोही गेला. सामान बांधताना दादांनी विचारलं, "कोणी लिहिलं असेल गं? तुला कळेल, तुझ्या रक्तातच आहे ते." मी त्यांच्या लेकीची, सईची वेणी घालत होते.

"वाक्यं योनासची वाटतात," मी म्हटलं.

योनास क्लबातला. दादांकडून हौसेने मराठी शिकायचा.

सईने मान वळवून विचारलं, "वेअर वार दास?" कोणी केलं हे? तिलाही मी सांगितलं — योनासने. तिची रिबीन नीट बांधली.

स्टेशनवर योनास आला होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी हलली तसा तो खिडकीशी धावत, जुळवून जुळवून म्हणाला, "सांभाळून जा, दादा."

गाडी गेल्यावर तो माझ्याकडे वळला — आपलं काय चुकलं, हे विचारायला.

"निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत," मी म्हटलं. "'या' म्हणतात."