एवढ्या रेतीची नदी

पवनारहून डोक्यावर पाटी घेऊन वर्ध्याच्या बाजारात येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात ती धाम नदीच्या रेतीत टरबुजाचे वेल लावायची. दिवाळीच्या सुट्टीत बिकानेर पाहायला जायचं ठरलं, तेव्हा मी तिला सांगितलं, "तिथे नजर पोचेल तिथवर रेतीच रेती आहे."

वांगी तोलणारा तिचा हात थांबला. "बाप्पा! मंग एवढी रेती आननारी नदी केवढी असन, मास्तर?"

तिथे नदीच नाही, हे भूगोल शिकवणाऱ्या माझ्या तोंडून निघेना. तिने पदराची गाठ सोडून टरबुजाच्या चार बिया माझ्या हातावर ठेवल्या. "काठाले लावजा."

खिशात बिकानेरच्या किल्ले-महालांची यादी होती. डोळ्यांपुढून मात्र ती नदी वाहत होती, आणि तिचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.