एका दिवसापुरती पाटलांची अमेरिकन

भेट स्वीकारताना माणसं इतकी का बिथरतात, हे मला अजून कळलेलं नाही. दीड वर्षात इतके धक्के बसलेत की बायको म्हणाली, "लिहून काढा एकदाचे. नाहीतर रोज मलाच ऐकवत बसाल!" म्हणून लिहायला बसलोय.

मी कुलकर्णी, बँकेतून रिटायर झालेला. दत्ता पाटील माझा शाळेपासूनचा मित्र, लासूर स्टेशनचा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी हौसेनं घेतलेली एक जुनी अमेरिकन गाडी त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आकाशी रंग, मागं दोन पंख, पुढं सोफ्याएवढं सीट आणि स्टेअरिंग डावीकडं! दत्तानं ती दुरुस्त करून घेतली आणि आम्ही शहरात धंदा काढला. कुणालाही, कुणासाठीही, एक दिवस ही गाडी भेट म्हणून बुक करता येते. दत्ता चालवतो. फोन, हारफुलं आणि भेटीचं कार्ड माझ्याकडं.

आबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. "पाटलाची गाडी भाड्यानं? उद्या मला बी द्या भाड्यानं!"

गाडी दत्ताच्या नावावर, त्यामुळं अडवता येईना. मग त्यांनी दत्ताशी बोलणंच टाकलं. संध्याकाळी गाडी लावायला आम्ही लासूरला जातो, जेवण तिथंच होतं. दत्ता आबांच्या शेजारी बसलेला, मीठ दत्ताच्या हाताशी, मी समोर. आणि आबा मला म्हणतात, "कुलकर्णी, त्याला म्हनावं, मीठ इकडं सरकव!"

दत्ता वरून हसतो. पण एकदा मला स्टेशनवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "कुलकर्ण्या, आबा एकदा बोलू दे माझ्याशी. मग ही गाडी राहू दे नाय तर जाऊ दे."

*

पहिलंच बुकिंग. एक मास्तर रिटायर होत होते. सहकाऱ्यांनी मिळून त्यांना गाडी भेट दिली, शाळेपासून घरापर्यंत मिरवणूक! बँड आला, मास्तरांच्या गळ्यात पाच हार पडले.

आपल्याकडं मानाची जागा म्हणजे जीपमध्ये पुढं, डाव्या हाताला. मास्तर तडक डावं दार उघडून आत बसले. बँड सुरू झाला, फटाके वाजले, गाडी जागची हलेना. दत्ता बाहेर उभा. मी खिडकीशी वाकलो. "सर, ही ड्रायव्हरची जागा आहे."

मास्तरांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरलं होतं. "व्हय का? मला वाटलं, वळणावर धरायला दिलंय!"

*

मग तो सिग्नल. भर चौकात लाल दिवा लागला आणि दत्ताची चप्पल ब्रेकखाली अडकली. ती काढायला तो पार खाली वाकला. नेमका तेव्हाच एक हवालदार सवयीनं उजव्या खिडकीशी आला. तिथं मी.

"लायसन?"

"मी चालवत नाही."

"मग कोण चालवायलंय?"

मी शेजारी बोट दाखवलं. हवालदारानं पाहिलं, तर स्टेअरिंगपुढं कुणीच नाही! तेवढ्यात खालून दत्ताचा आवाज आला, "निघाली, निघाली!" त्याला म्हणायची होती चप्पल. हवालदार दोन पावलं मागं सरला. हिरवा दिवा लागायच्या आतच त्यानं आम्हाला हात दाखवला. "जावा साहेब. मी काय बी बघितलं नाय!"

*

मुकुंदवाडीच्या दोन भावांनी आईच्या पंचाहत्तरीला गाडी घेतली. म्हातारीला नवं लुगडं नेसवलं, ओवाळलं. थोरला म्हणाला, "आई, आजचा दिवस तुझा. म्हनशील तिथं जायचं!"

"कुठं बी?"

"कुठं बी!"

आम्ही वेरूळ धरून बसलो होतो. म्हातारी म्हणाली, "मग गिरणीवर चला."

घरातून गव्हाची चार पोती बाहेर आली! मी हादरलोच. पोरं म्हणाली, "आई, लोक काय म्हनतील?" म्हातारी डिक्कीकडं बघत म्हणाली, "येवढी मोठी डिक्की रिकामी फिरवायची व्हय? आज माझाच दिवस हाय ना? मग गप उचला!"

संध्याकाळी आकाशी गाडी पांढरी होऊन लासूरला आली. मी जेवताना सगळं सांगितलं. आबा ठसका लागेपर्यंत हसले. दत्ताही हसला. हसता हसता दोघांची नजर एक झाली आणि आबांनी तोंड मिटलं. "कुलकर्णी, त्याला म्हनावं, डिक्की झाडून घे."

दत्ता ताटावरून उठून झाडू घ्यायला गेला. त्याचं ताट अर्धं तसंच होतं. मला आबांचा राग आला, पण त्यांच्या घरात, त्यांच्या पंगतीत काय बोलणार!

*

एका बाईंनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याला गाडी भेट दिली. दौलताबादच्या चढाला गाडी तापली. बॉनेट उघडलं मात्र, नवरोबांनी बाह्या सरसावल्या आणि ते आतच घुसले. "वा! काय ऐसपैस इंजिन आहे!" इंजिन थंड झालं, पाणी भरून झालं, तरी ते बाहेर येईनात.

बाई गजरा माळून, डबा घेऊन लिंबाखाली बसून होत्या. शेवटी उठून माझ्यापाशी आल्या. "भाऊसाहेब, पंचवीस वर्षांत या माणसानं माझ्या तोंडाकडं सलग दोन मिनिटं पाहिलेलं नाही!"

बॉनेटमधून आवाज आला, "पान्हा दे गं."

आणि बाईंनी खरंच पान्हा दिला! मला वाटलं होतं, डोक्यात घालतात.

*

आता गेल्या महिन्यातलं. गुलमंडीच्या एका जुन्या कापड दुकानदाराचा फोन आला. "आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला गाडी भेट द्यायचीय. त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय. कार्डावर लिहा, दत्तात्रय यांस. अकरा वाजता दुकानासमोर या."

गुलमंडीत ही गाडी! अर्धा बाजार तुंबला. रिक्षावाले ओरडायला लागले, "चचा, जहाज हटाव!" अकराचे साडेअकरा झाले. मी गाडीच्या दारातून "दत्तात्रय कोण?" म्हणून हाक मारली, तर तीन दत्तात्रय आले! तिघांनाही गाडी हवी होती, पण दुकानदार प्रत्येकाला पाहून मान हलवत होता.

दत्ता वैतागला. "लई नखरे दिसतेत या मानसाचे! किल्ली ठेवतो अन् जातो बघ आता."

तेवढ्यात दुकानातून आबा बाहेर आले. नवं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी. दत्ता किल्ली हातात धरून नुसता बघत राहिला.

आबांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाले, "कुलकर्णी, त्याला म्हनावं, मागं बस. आज गाडी त्याची हाय."

मी निरोप द्यायला वळलो. पण दत्तानं ऐकलं होतं. त्याच्या हातातली किल्ली आबांनी काढून घेतली आणि ते स्वतः स्टेअरिंगवर बसले. वय अठ्ठ्याहत्तर!

"आबा, तुमचं लायसन..." मी म्हणालो.

"गप बसा."

मी घाबरून पुढच्या सीटवर बसलो, डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी हातगाड्यांच्या मधून इंच इंच पुढं सरकत होती. कुठं साधा ओरखडा नाही! मघाचे रिक्षावाले आता खाली उतरून वाट करून देत होते.

दीड वर्ष लोकांना मागं बसवणारा दत्ता स्वतः मागं कधी बसलाच नव्हता. त्याला काय करावं कळेना. त्यानं चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसला, मांडीवर मी दिलेलं भेटीचं कार्ड. डोळे घळाघळा वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आबांनी आरसा जरासा वळवला आणि बराच वेळ त्यात बघितलं.

"दत्त्या," आबा म्हणाले, "पाय खाली सोड. सीट खराब होतंय."