पेनहॅलोंच्या बाळाचा दगड

आमच्या टास्मानियातल्या खेड्यात माणसाचे पूर्वज किती जुन्या जहाजातून आले, यावर त्याचा मान ठरतो. इंग्लंडहून हद्दपार केलेले कैदी म्हणून बेड्या घालून आले असतील तर मान आणखी मोठा. आजोबांच्या काळी लोक हे लपवायचे, आता त्यासाठी भांडतात. मर्ल टॅपस्कॉटचे पूर्वज इथे आलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या जहाजातले, त्यामुळे आद्य घराण्यांच्या मंडळाची ती न निवडताच मालकीण झाली.

दर नोव्हेंबरात मंडळाच्या वार्षिक सहलीआधी चर्चमागची जुनी थडगी साफ करायची, हे त्याचं मुख्य काम. मी गवत कापायचो, मर्ल दगड घासायची. तारेचा ब्रश, ब्लीचची बादली आणि अखंड तोंडाचा पट्टा. दगडावर धरणाऱ्या दगडफुलाचा एक ठिपका राहिला तरी तिला घास गोड लागत नसे.

"अगं, घरची भांडी तरी अशी घासतेस का?" मी चिडवायचो.

"माझी भांडी बघायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही, रॉस. तू आपलं गवत बघ."

दगडांवरचा मजकूर उतरवून ठेवावा, असं एकदा बैठकीत निघालं होतं. "दगड काय पळून जातोय?" मर्ल म्हणाली. सगळे हसले आणि चहाकडे वळले.

गेल्या मार्चमध्ये क्वीन्सलंडहून ऑस्कर पेनहॅलो नावाचे वृद्ध गृहस्थ आले. त्यांच्या घराण्याची पहिली मुलगी जहाजावर जन्मली आणि इथल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. तिचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता पणती झाली होती, तिला तेच नाव ठेवायचं होतं.

"चला, आरशासारखा ठेवलाय," म्हणत मर्ल त्यांना थेट दगडापाशी घेऊन गेली.

दगड खरंच स्वच्छ होता. वाळूचा मऊ दगड तो; त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. दरवर्षी थोडं थोडं नाव वाळू होऊन बादलीत उतरत होतं आणि ती बादली आम्हीच गवतात ओतत होतो.

"तुम्ही इतक्या वेळा घासलाय बाई, तुम्हाला आठवत असेल," ऑस्कर आशेने म्हणाले.

गावातल्या प्रत्येकाचं जहाज तोंडपाठ असलेली मर्ल दगडावरून नुसता हात फिरवत राहिली. "मी डागच बघत होते हो," ती शेवटी म्हणाली.

मला तिचा राग आला, स्वतःचाही आला.

ऑस्कर दगडाशेजारी टेकले. "असू द्या. बाळाला दरवर्षी कुणीतरी न्हाऊ घालत होतं, एवढं घरी सांगेन."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मर्लने सव्याज परत केल्या असत्या. हे ऐकून ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

या नोव्हेंबरात तिने ब्रश आणला नाही. त्या दगडावर दगडफूल पुन्हा धरलंय. गवत कापून मी यंत्र बंद केलं, तेव्हा मर्ल दगडासमोर उभी राहून मुलींचं एकेक नाव म्हणून पाहत होती. हॅना. एस्थर. लुईसा. प्रत्येक नावानंतर ती थोडी थांबायची आणि नकारार्थी मान हलवून पुढचं घ्यायची.