शनिवारचा उपास

मला डायबिटीस निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कारणं सांगितली: वडिलांना होता, दिवसभर खुर्चीत बसून काम, आणि हे पोट. वडिलांचं नाव निघताच मी जोरात मान डोलावली. पुढचं ऐकूच आलं नाही.

ही बातमी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळींत फुटू द्यायची नाही, हे मी क्लिनिकच्या पार्किंगमध्येच ठरवलं. आमच्यातल्या एकाने पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, 'मला शुगर आहे' असं मोकळेपणाने सांगितलं होतं. तेव्हापासून तो सगळ्यांचा 'बिचारा' झाला. मला बिचारा व्हायचं नव्हतं. त्यामुळे पुढच्या पॉटलकला श्रीखंड-पुरी समोर येताच मी म्हणालो, "आज शनिवार ना, माझा उपास."

थाप पचली असं वाटलं. पण यजमानांच्या आई नागपूरहून आल्या होत्या.

"अरे, मग उपाशी काहून बसला? थांब."

त्यांचाही शनिवार होता. स्वतःसाठी केलेली साबुदाण्याची खिचडी त्यांनी माझ्या ताटात वाढली, बटाट्याच्या फोडींसकट, आणि वर रताळ्याचा गोड कीस. त्यापेक्षा श्रीखंड परवडलं असतं! "काकू, खरंच नको," म्हणालो, तर त्यांना वाटलं मी लाजतोय. "एकादशी अन् दुप्पट खाशी!" कोणीतरी ओरडलं, सगळे हसले, मीही हसलो आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. काकू कोपऱ्यात केळं सोलत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना.

परतताना बायको गाडी चालवत होती. ती घुश्शात होती.

"साबुदाणा खा म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय का? तुझे बाबाही असेच शुगर लपवत राहिले."

मागच्या सीटवर मुलीने कानातले हेडफोन काढले. ती हायस्कूलला आहे, तिला मराठी सगळं कळतं.

"वेट. बाबा, यू हॅव डायबिटीस? आजोबांना पण होता?"

मी पोटावरचा सीटबेल्ट सैल केला.

"परवा माझ्या चेकअपला त्यांनी विचारलं होतं, फॅमिलीत कोणाला आहे का. यू सेड नो."

म्हणालो होतो खरा. तिथली नर्स मराठी होती, आमच्याच मंडळातली. हे काही मला मुलीला सांगता आलं नाही.