हिरोचा तिसरा रोल आणि आमचे आप्पा

गावच्या यात्रेतल्या नाटकात माझे सासरे, आप्पा, वर्षानुवर्षं दोन कामं करायचे. पहिल्या अंकात तरुण राजा, तिसऱ्यात म्हातारा माळी. माळी बघायला शिरूरहून माणसं येत. राजाचं मात्र गेल्या वर्षी पार हसं झालं. तलवार उपसली आन् आप्पांना धाप लागली. मंडळानं ठरवलं, राजा आता नव्या माणसाला द्यायचा. पण आप्पांना सांगणार कोण? एवढे मिशीवाले बाप्ये, आणि ते काम घातलं माझ्या गळ्यात! तेही सोमवारी तालमीचा नारळ फुटायच्या आत.

रविवार उजाडला तरी माझी जीभ रेटेना. दुपारी आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू पेनड्राइव्ह घेऊन खाली आला. तमिळ माणूस, शिक्रापूरच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या लाडक्या हिरोचा सिनेमा होता, तिन्ही रोल एकट्याचेच. भाषा आम्हाला कळत नव्हती, तो मध्येमध्ये हिंदीत सांगायचा. मी गवार मोडायला घेतली होती, ती तशीच राहिली.

काय काम केलंय हो त्या माणसानं! म्हातारा कुंभार बाप उठताना आधी जमिनीला हात लावायचा. थोरला मुलगा कंडक्टर, तो घरातसुद्धा एक हात वर धरून उभा राहायचा, बसची दांडी धरल्यागत. दोघं समोरासमोर जेवायला बसतात, तिथं हा एकच नट आहे हे मी साफ विसरले. रडलेसुद्धा. आप्पा म्हणाले, "वा रं पठ्ठ्या!"

खोटं कशाला सांगू, खोटही होती. हिरॉइनला शेतातून पळण्यापलीकडं काम नव्हतं. मध्यंतरानंतर गाणी संपता संपेनात. आणि तिसरा रोल, कॉलेजातून नुकताच निघालेला धाकटा, म्हणजे नुसता विग आणि आत ओढलेलं पोट. भाडेकरू तिथंही टाळ्या वाजवत होता.

"ह्यो धाकटा दुसऱ्याला द्यायला पायजे व्हता," आप्पा म्हणाले. "दोनच केले असते तर गड्याला तोड नव्हती." मग सिनेमा संपला तरी टीव्हीकडंच बघत बसले. चहा दिला, तो निवून गेला. त्या चेहऱ्यापुढं मी काय बोलणार, कपाळ!

सोमवारी देवळात मंडळी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. आमच्याकडं नारळ फुटला की पहिलं नाव राजा करणाऱ्याचं घेतात. नारळ फुटला, कुणी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "राजा नव्या गड्याला द्या. म्या माळी करतो."

घरी येताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "मला सांगायचं तुझ्यावर टाकलं व्हतं न्हवं?"

"व्हय, आप्पा." मला रडूच फुटलं.

"आठ दिस बघतोय, तुला घास गिळवत न्हाई. त्या हिरोला घरात सांगणारं कुणी नसंल, म्हनून फसला. मला तुझं तोंड बघून कळलं."